होडीच्या इंजिनाची बॅटरी कां भरत नाहीं ?

शेतकीच्या मासिकांत होडीच्या इंजिनावर लेख पाहून देशावरील आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यांचीं शेतें व बागा खाडीच्या कांठीं आहेत त्यांस तें मुळींच वाटणार नाहीं. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्यांच्या तीरांवर अशीं पुष्कळ गांवें आहेत कीं, जेथून पलीकडच्या तीरास जमिनीवरून जावयाचें तर मोठा वळसा पडतो, आणि पाण्यावरून गेलें तर तें घटकाभराचें काम असतें. आंब्याच्या पेट्या, नारळ, सुपारी, खताचीं पोतीं, प्रसंगीं आजारी माणूस, हें सर्व होडीनेंच जातें. उजनीसारख्या मोठ्या धरणाच्या फुगवट्यावरही तीच स्थिति आहे. पूर्वीं हें काम वल्हीं व शीड करीत. आतां बहुतेक ठिकाणीं तें होडीच्या मागल्या फळीस बाहेरून टांगलेलें इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, करतें. ओले एव्हिनरूड यांनीं अमेरिकेंत १९०९ सालीं अशा इंजिनाचा धंदा सुरू केला, तेव्हांपासून तें जगांतील बहुतेक सर्व किनाऱ्यांवर पसरलें आहे. अशा ठिकाणच्या शेतकऱ्यास होडी म्हणजे पाण्यावरील बैलगाडीच होय. बैलाच्या खुराला कांटा लागला तर तो स्वतः काढणाऱ्या माणसानें इंजिनाच्या साध्या दुखण्यासाठीं प्रत्येक वेळीं शहराची वाट धरावी, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

या इंजिनांसंबंधानें आमच्याकडे सर्वांत अधिक येणारी तक्रार म्हणजे, ‘बॅटरी टिकत नाहीं’ ही होय. रात्रीं बरी असलेली बॅटरी सकाळीं थंड पडते, बटण दाबलें तरी इंजिन हलत नाहीं, आणि मालक नवी बॅटरी आणतो. नवी बॅटरी दुकानांतून भरलेली येते, त्यामुळें कांहीं दिवस सर्व सुरळीत चालतें व दोष गेला असें वाटतें. मग पुन्हां तीच कथा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशांतला हा प्रकार आहे.

गेल्या आंब्याच्या हंगामांत आमच्या एका सभासदावर आलेला प्रसंग येथें सांगणें अवश्य वाटतें. त्यांच्या होडीस बटण दाबून चालू होणारें पंचवीस अश्वशक्तीचें इंजिन आहे. पेट्या पोंचवून व बाजार घेऊन संध्याकाळीं परत येत असतां खाडीच्या मुखाजवळ इंजिनाच्या पंख्यांत जाळ्याचा तुकडा गुंतला. तो काढण्यासाठीं इंजिन बंद केलें. तुकडा निघाला, परंतु बटण दाबतांच ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढें सर्व स्तब्ध. ओहोटीची ओढ समुद्राकडे, दिवस मावळलेला, होडींत चार माणसें व त्यांत एक लहान मूल. हातानें ओढून इंजिन चालू करण्याची दोरी घरीं खुंटीला आणि होडींत वल्हें एकच. नांगर होता, म्हणून होडी वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांत गेली नाहीं. दोन तासांनीं मासेमारीची एक होडी आली व तिनें यांना ओढून धक्क्यास लावलें. त्या एका वर्षांत या गृहस्थांनीं दोन बॅटऱ्या व एक रेग्युलेटर विकत घेतला होता. दोष मात्र या तिन्ही वस्तूंपैकीं एकींतही नव्हता. तो कोठें होता, हें पुढें ओघानें येईलच.

वीज येते कोठून ?

चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून हलविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. आउटबोर्ड इंजिनांतील वीज त्याच तत्त्वावर तयार होते. इंजिनाच्या डोक्यावरील झांकण काढलें असतां एक जड चक्र दिसतें; त्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या आंतल्या कडेस चुंबक बसविलेले असतात आणि त्याच्या पोटांत तांब्याच्या तारेचीं स्थिर वेटोळीं असतात. या वेटोळ्यांच्या समूहास स्टेटर असें नांव आहे. इंजिनाबरोबर चक्र फिरूं लागलें कीं चुंबक वेटोळ्यांवरून धांवतात व तारेंत वीज उत्पन्न होते. चक्र जितक्या वेगानें फिरेल तितका विजेचा दाब वाढतो. कांहीं मोठ्या इंजिनांत मोटारीप्रमाणें पट्ट्यानें फिरणारा निराळा अल्टर्नेटर असतो. परंतु लहान व मध्यम इंजिनांत बहुधा वरील रचनाच आढळते.

ही वीज झोपाळ्याप्रमाणें एकदां इकडे व एकदां तिकडे वाहते. बॅटरीस मात्र एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. म्हणून मध्यें रेक्टिफायर घातलेला असतो. पंपाच्या तळाची झडप ज्याप्रमाणें पाणी वर जाऊं देते पण खालीं येऊं देत नाहीं, त्याप्रमाणें रेक्टिफायर विजेला एकाच दिशेनें सोडतो. त्याच्या जोडीस रेग्युलेटर असतो. बॅटरी भरत आली कीं जास्त वीज बाजूस काढून दाब मर्यादेंत ठेवणें हें त्याचें काम. म्हणजे तो या व्यवस्थेचा सांडवाच होय. अलीकडील इंजिनांत हे दोन्ही एकाच पन्हळीदार डबींत बसविलेले असतात. डबीला पन्हळी असतात त्या उष्णता बाहेर जावी म्हणून.

तेव्हां स्टेटर ही विहीर, रेक्टिफायर ही झडप, रेग्युलेटर हा सांडवा, तारा हे पाट आणि बॅटरी हा हौद, एवढें चित्र वाचकांनीं मनांत धरावें. हौद भरत नाहीं असें दिसल्यावर शहाणा शेतकरी एकदम नवा हौद बांधावयास घेत नाहीं. हौद गळतो काय, पाट फुटला काय, झडप अडकली काय, कीं विहिरीलाच पाणी नाहीं, हें तो क्रमानें पाहतो. येथेंही तोच क्रम ठेवावयाचा आहे.

एक गोष्ट आरंभींच पाहून घ्यावी. हातानें दोरी ओढून चालू होणाऱ्या कित्येक लहान इंजिनांत बॅटरी भरण्याची सोय मुळींच नसते. कांहींत केवळ दिवा लावण्यापुरतें वेटोळें असतें व त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज निघते. अशा तारेस रेक्टिफायर घातल्यावांचून बॅटरी जोडूं नये. आपल्या इंजिनास कोणती सोय आहे, हें इंजिनाबरोबर आलेल्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें.

आधीं हिशेब, मग दुरुस्ती

पुष्कळ वेळां इंजिनांत कोणताच दोष नसतो. दोष जमाखर्चांत असतो. बॅटरीचें भांडवल अँपियर-तासांत मोजतात. लहान इंजिन पूर्ण वेगानें चाललें असतां सुमारें ६ ते १० अँपियर वीज देतें. मंद चाललें तर त्याहून पुष्कळच कमी. आतां असें समजा कीं, इंजिन ६ अँपियर देणारें आहे आणि होडी दिवसांतून दोन वेळां वीस-वीस मिनिटें चालते. या चाळीस मिनिटांत, तीं सर्व पूर्ण वेगाचीं धरलीं तरी, जमा होते ४ अँपियर-तास. उलटपक्षीं, होडींतील पाणी उपसण्याचा पंप ४ अँपियरचा असून रोज तासभर चालला तर खर्च ४, बारा वॅटचा एक दिवा तीन तास जळला तर खर्च ३, एकूण ७. म्हणजे रोज ३ अँपियर-तासांची तूट येते. ६० अँपियर-तासांची बॅटरी दहा दिवसांत अर्धी रिकामी होते. यांत कोणत्याही भागाचा अपराध नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, इंजिन चालू करण्यांतच सर्व वीज जाते. स्टार्टर प्रवाह मोठा ओढतो हें खरें. पण तीन सेकंद १५० अँपियर ओढले तरी खर्च अँपियर-तासाच्या आठव्या हिश्शाइतकाच होतो. इंजिन थोडा वेळ वेगानें चाललें कीं तो भरून निघतो. खरी गळती दिवा, पंप, वाद्यें व मोबाइल फोन यांची असते, कारण तीं मुकाट्यानें तासन्तास वीज पितात.

तूट भरून काढणेंही वाटतें तितकें सोपें नाहीं. ३० अँपियर-तासांची तूट ६ अँपियरनें भरावयाची तर भागाकारानें पांच तास येतात; परंतु बॅटरी दिलेली सर्व वीज साठवीत नाहीं आणि भरत आल्यावर ती हळूहळू घेते, म्हणून सहा-सात तास धरावे. वीस मिनिटांच्या फेऱ्यांनीं ही तूट भरणार नाहीं. अशांनीं आठवड्यांतून एक रात्र बॅटरी घरीं आणून चार्जरवर लावावी, हाच सरळ मार्ग होय.

तपासणीपूर्वीं सावधगिरी

बॅटरी भरत असतां तींतून हायड्रोजन वायु निघतो. तो ठिणगीनें पेट घेतो व स्फोट होतो. होडींत पेट्रोलची वाफही असते. यासाठीं तपासणी उघड्यावर करावी व जवळ विडी किंवा दिवा पेटवूं नये. बॅटरींतील आम्ल अंगावर उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्यानें धुवावें. इंजिन जमिनीवर कोरडें चालवूं नये. त्याच्या पाण्याच्या पंपांतील रबरी चक्र पाण्यावांचून थोड्याच वेळांत जळून जातें. होडी पाण्यांत बांधून, किंवा इंजिनाचा खालचा भाग पाण्यानें भरलेल्या पिंपांत बुडवूनच तें चालवावें. झांकण काढलेल्या इंजिनावर वांकतांना धोतराचा सोगा, पंचा, किंवा सैल बाही फिरत्या चक्रापासून दूर ठेवावी.

साधनें थोडीं लागतात : एक साधा मल्टिमीटर, पाने, पितळी ब्रश, बारीक पॉलिश कागद व व्हॅसलिन. मल्टिमीटर आतां तालुक्याच्या कोणत्याही विजेच्या दुकानांत मिळतो व एका बॅटरीच्या किंमतीच्या मानानें त्याची किंमत अगदींच थोडी आहे.

तपासणीचा क्रम

पहिली परीक्षा बॅटरीची. इंजिन बंद करून निदान चार-सहा तास गेल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावावा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखविते, १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे पाव भरलेली. इंजिन नुकतेंच बंद केलें असतां आंकडा फसवा येतो, म्हणून विश्रांति आवश्यक आहे. नंतर एकानें बटण दाबावें व दुसऱ्यानें मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आंकडा स्टार्टर फिरत असतां सुमारें साडेनऊच्या खालीं जाऊं लागला तर बॅटरी थकली असें समजावें. ज्यांतील बुचें उघडतां येतात अशा बॅटरीच्या प्रत्येक घरांतील आम्ल हायड्रोमीटरनें मोजावें. एका घराचा आंकडा दुसऱ्याहून ०.०५० पेक्षां अधिक वेगळा असेल तर तें घर मेलें आहे, आणि अशी बॅटरी कितीही भरली तरी उपयोग नाहीं. बॅटरी नुसती रिकामी असेल तर ती घरीं पूर्ण भरावी आणि मगच पुढें जावें. रिकाम्या किंवा नासलेल्या बॅटरीवर घेतलेल्या पुढील परीक्षा विश्वासार्ह नसतात.

दुसरी परीक्षा जोडांची. आमच्या अनुभवास आलेल्या दोषांपैकीं निम्म्याहून अधिक येथेंच सांपडले. खाऱ्या हवेंत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि तो तारेच्या आवरणाच्या आंतून पुढें सरकत जातो, म्हणून बाहेरून साबूत दिसणारी तार आंतून कुजलेली असूं शकते. बॅटरीचीं टोकें, इंजिनाच्या अंगास जोडलेली काळी तार, रेग्युलेटरचा बूड जेथें धातूला टेकतो ती जागा, आणि लाल तारेंतील फ्यूज, हीं सर्व एक-एक पाहावीं. जोड हातानें हलवून पाहावा. हलला तर तो जोड नव्हे. बॅटरीच्या टोकांवर हातानें फिरविण्याची पंखाची चाकी असेल तर ती काढून पान्यानें आवळण्याची चाकी व खालीं दांत्यांचा वॉशर घालावा, कारण लाटांच्या हादऱ्यांनीं पंखाची चाकी सैल होते. टोकें पितळी ब्रशनें चकचकीत करून, घट्ट आवळून, मग वरून व्हॅसलिन लावावें. व्हॅसलिन आधीं व आवळणें मागून, असें करूं नये.

तिसरी परीक्षा चालत्या इंजिनाची. मीटर बॅटरीच्या टोकांवर ठेवून इंजिन चालू करावें व मिनिटास सुमारें अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत नेावें. इंजिन बंद असतां दाखविलेल्या आंकड्याहून आंकडा चढून १३.८ ते १४.६ यांच्या दरम्यान आला तर वीज भरत आहे. मग दोष वर सांगितलेल्या जमाखर्चांत, किंवा पुढें सांगितलेल्या रात्रीच्या गळतींत शोधावा. आंकडा हललाच नाहीं, किंवा खालीं जात राहिला, तर वीज पोंचत नाहीं. केवळ मंद गतीवर परीक्षा करून निकाल देऊं नये, कारण मंद गतीवर चांगलें इंजिनही फारसें देत नाहीं.

चौथी परीक्षा पाटाची. ही परीक्षा फार थोडे लोक करतात आणि म्हणूनच पुष्कळ पैसा व्यर्थ जातो. इंजिन वरील वेगानें चालू ठेवून मीटरचें एक टोक रेग्युलेटरमधून निघणाऱ्या लाल तारेच्या जोडावर व दुसरें बॅटरीच्या धन टोकावर ठेवावें. पाट मोकळा असेल तर मीटर दोन-तीन दशांश व्होल्टांहून अधिक दाखविणार नाहीं. तसेंच रेग्युलेटरचा धातूचा बूड व बॅटरीचें ऋण टोक यांमध्येंही पाहावें. आंकडा मोठा आला कीं त्या दोन जागांच्या मध्यें कोठेंतरी अडथळा आहे, हें निश्चित झालें. मग एक टोक स्थिर ठेवून दुसरें टोक जोडाजोडानें पुढें सरकवीत गेलें असतां अडथळ्याची नेमकी जागा सांपडते.

आमच्या सभासदांच्या इंजिनावर आम्हीं हीच परीक्षा केली. रेग्युलेटरजवळ १४.४ व्होल्ट मिळत होते आणि बॅटरीवर अवघे १२.४. दोन व्होल्ट वाटेंत नाहींसे होत होते. फ्यूज काढून पाहिला तर तो साबूत. दोन मिस्त्र्यांनीं तो पाहून ‘फ्यूज ठीक’ असा निर्वाळा दिलेला होता. परंतु फ्यूज ज्या घरांत बसतो त्या घराच्या पितळी जिभा गंजानें हिरव्या व खरखरीत झाल्या होत्या, आणि त्यांतून वीज झिरपत होती, वाहत नव्हती. स्टार्टरची जाड तार निराळी असल्यामुळें बॅटरी भरलेली असेपर्यंत इंजिन झटकन चालू होई व कोणास संशय येत नसे. नवें फ्यूजघर बसविल्यावर बॅटरीवरचा आंकडा त्याच क्षणीं १४.२ झाला. दोन बॅटऱ्यांच्या व एका रेग्युलेटरच्या पैशांत तसलीं फ्यूजघरें टोपलीभर आलीं असतीं. आणि त्या संध्याकाळच्या दोन तासांची किंमत तर पैशांत होणार नाहीं.

पांचवी परीक्षा विहिरीची, म्हणजे स्टेटरची. पाट स्वच्छ असून वीज येत नसेल तर इंजिन बंद करून स्टेटरच्या तारा रेग्युलेटरपासून सोडवाव्या. त्या पुष्कळ इंजिनांत पिवळ्या असतात, परंतु रंगाविषयीं माहितीपुस्तक प्रमाण मानावें. प्रज्वलनाच्या वेटोळ्यांतील तारांत मोठा दाब असतो, त्यांस चालत्या इंजिनावर हात लावूं नये. भरणीच्या दोन तारांमध्यें मीटरनें रोध मोजावा. तो बहुधा ओहमच्या अंशाइतका किंवा एक-दोन ओहम असतो. मार्ग मुळींच दिसला नाहीं तर वेटोळें तुटलें आहे. नंतर प्रत्येक तार व इंजिनाचें अंग यांमध्यें पाहावें. येथें मार्ग मुळींच दिसतां कामा नये. दिसला तर वेटोळ्याचें आवरण जळून तें अंगास टेकलें आहे. शेवटीं, तारा सुट्या ठेवूनच मीटर उलटसुलट विजेच्या खुणेवर लावून इंजिन चालवावें. वेग वाढवितांच आंकडाही एकसारखा वाढत गेला पाहिजे. तीन तारांच्या स्टेटरमध्यें तिन्ही जोड्यांचे आंकडे जवळजवळ सारखे यावे. एक जोडी मागें पडली तर दोष तींत आहे. स्टेटर बदलण्यास फ्लायव्हील काढावें लागतें व तें विशिष्ट ओढणीवांचून निघत नाहीं. हातोड्यानें ठोकून काढण्याच्या प्रयत्नांत चुंबक सुटतात, म्हणून हें काम मिस्त्र्याकडे द्यावें.

सहावी परीक्षा झडपेची व सांडव्याची. सुटा रेक्टिफायर असल्यास तो सोडवून मीटरच्या डायोड खुणेवर तपासावा. प्रत्येक मार्गानें वीज एका दिशेनें जावी व उलट दिशेनें अडावी. दोन्हीकडून गेली तर झडप फुटली, दोन्हीकडून अडली तर ती बंद पडली. रेग्युलेटर एकाच डबींत असेल तर ही परीक्षा नेहमीं खात्रीची नसते. तेथें न्याय असा : बॅटरी चांगली, जोड स्वच्छ, पाट मोकळा आणि स्टेटर वीज देणारा, हें चारही सिद्ध झाल्यावर उरलेला दोषी रेग्युलेटरच. या चारांपूर्वीं त्याच्यावर आरोप करूं नये. ज्या इंजिनावर फेऱ्या दाखविणारा कांटा आहे, तेथें आणखी एक खूण मिळते. पुष्कळ इंजिनांत हा कांटा स्टेटरच्याच विजेवर चालतो. म्हणून भरणी थांबली त्याच वेळीं कांटाही मेला, तर दोष पाटांत नसून स्टेटर किंवा रेग्युलेटर यांत असण्याचा संभव अधिक.

याच्या उलटही एक रोग आहे. चालत्या इंजिनावर बॅटरीचा आंकडा १५ च्या वर जाऊं लागला, बॅटरी गरम होऊन उकळूं लागली, तींतील पाणी वरचेवर आटूं लागलें, तर सांडवा बुजला आहे. अशा वेळीं रेग्युलेटर बदलेपर्यंत होडी चालवूं नये. जुन्या लहान इंजिनांत रेग्युलेटर मुळांतच नसतो. तेथें लांबच्या प्रवासांत थोडें उकळणें स्वाभाविक आहे व बॅटरीच्या घरांत शुद्ध पाण्याची भर घालीत राहणें हाच उपाय.

सातवी परीक्षा रात्रीच्या गळतीची. संध्याकाळीं १२.६ असलेली चांगली बॅटरी होडी उभी असतांच सकाळीं १२.२ होत असेल, तर कोठेंतरी वीज गळते. सर्व बटणें बंद करून बॅटरीचें ऋण टोक सोडवावें आणि टोक व तार यांमध्यें मीटर अँपियरच्या खुणेवर जोडावा. या स्थितींत स्टार्टरचें बटण चुकूनही दाबूं नये, मीटर जळेल. आंकडा शून्याच्या आसपास असावा. तसा नसेल तर एक-एक तार सोडवीत जावें. जी सोडवितांच आंकडा पडतो ती गळकी. बहुधा पाण्याच्या पंपाचें आपोआप चालणारें बटण किंवा फुटलेली झडप असा दोष निघतो. ही तजवीज नको असेल तर बॅटरीस मुख्य स्विच बसवावा व होडी बांधतांना तो बंद करावा.

हातून होणाऱ्या चुका

चांगली व्यवस्था एका क्षणांत बिघडविणाऱ्या तीन चुका आहेत. पहिली, बॅटरीच्या तारा उलट जोडणें. त्यानें रेक्टिफायर तत्क्षणीं जळतो. अंधारांत, घाईनें बॅटरी बसवितांना हें हटकून घडतें, म्हणून धन टोकाच्या तारेस लाल कापडाची पट्टी गुंडाळून ठेवावी. दुसरी, इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढणें किंवा मुख्य स्विच बंद करणें. मग विजेला हौद उरत नाहीं, दाब एकदम चढतो आणि रेग्युलेटर मरतो. ‘भरणी होते कीं नाहीं तें पाहण्यासाठीं तार काढून बघा’ असा सल्ला देणारे मिस्त्री अजून भेटतात. त्यांचें ऐकूं नये. तिसरी, मूळच्यापेक्षां मोठा फ्यूज किंवा फ्यूजच्या जागीं नुसती तार घालणें. त्यानें फ्यूज वांचतो आणि होडी जळते.

निगा

समुद्रांतून किंवा खाडींतून आल्यावर इंजिनास गोडें पाणी द्यावें, झांकणाखालील भागावर साठलेला क्षार ओल्या फडक्यानें पुसावा व जोड कोरडे करावे. तार नवी घालावयाची झाल्यास कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी व जोडावर रबरी नळी चढवून हवा बंद करावी. नुसता पीळ देऊन वरून चिकटपट्टी गुंडाळणें हें खाऱ्या पाण्यांत महिनाभरही टिकत नाहीं. पावसाळ्यांत होडी वर ओढल्यावर बॅटरी होडींत ठेवूं नये. ती घरीं कोरड्या जागीं ठेवून महिन्यांतून एकदां भरावी. रिकामी पडून राहिलेली बॅटरी आंतून खडबडते व पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. महिन्यांतून एकदां पहिली व तिसरी परीक्षा करून आंकडे तारखेसह वहींत लिहून ठेवावे. दूध कमी झालें हें जसें रोजच्या मापावरूनच कळतें, तसा इंजिनाचा ऱ्हासही या वहीवरून प्रसंग येण्यापूर्वींच कळतो.

देशावरील वाचकांसही या लेखाचा उपयोग आहे. बहुतेक मोटारसायकलींत चुंबक, स्टेटर व रेग्युलेटर यांची रचना याच प्रकारची असते. ट्रॅक्टरमध्यें पट्ट्यावर चालणारा अल्टर्नेटर असतो, तरी बॅटरी, जोड, चालत्या इंजिनाचा आंकडा व पाट या पहिल्या चार परीक्षा तेथेंही जशाच्या तशा लागू पडतात. फक्त आधीं पट्टा सैल नाहीं ना, हें पाहावें.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. कितीही निगा राखली तरी यंत्र तें यंत्रच, आणि ओहोटी कोणाची वाट पाहत नाहीं. ज्या इंजिनास ओढदोरीची सोय आहे त्याची दोरी घरीं खुंटीला नव्हे, होडींत असावी, आणि ती कशी गुंडाळावयाची याचा सराव दिवसां, धक्क्यावर करून ठेवावा. कित्येक नवीं इंजिनें इंधनासाठींही विजेवर अवलंबून असल्यामुळें पूर्ण मेलेल्या बॅटरीवर दोरीनेंही चालू होत नाहींत. त्यांच्या मालकांनीं भरलेली दुसरी लहान बॅटरी जवळ बाळगावी. दोन वल्हीं, पुरेशा दोराचा नांगर, माणशीं एक तरंगतें जाकीट आणि एक हातदिवा, यांवांचून होडी सोडूं नये. आमच्या त्या सभासदांनीं आतां दोरी होडींतच, नांगराच्या शेजारीं बांधून ठेविली आहे. फ्यूजघर बदलल्यापासून ती सोडण्याची वेळ आलेली नाहीं. परंतु दर अमावास्येस व पौर्णिमेस, उधाणाची भरती पाहावयास गेले कीं, ते ती एकदां सोडून, ओढून, पुन्हां बांधून ठेवितात.